पार्किन्सन्ससह कोकण किनाऱ्याने सायकलप्रवास: थांबायचे कसे

पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्या माणसाने सायकल चालवावी की नाही, हा वाद या लेखात घेतलेला नाही. ज्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून होकार दिला आहे, ज्यांना सायकलची जुनी सवय आहे आणि ज्यांना दापोलीहून दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे असे करत चार-पाच दिवसांत रत्नागिरी गाठायची आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. मला निदान होऊन नऊ वर्षे झाली. हा रस्ता मी सहा वेळा केला असून त्यात दोनदा पडलो आहे, आणि दोन्ही वेळा सायकल चालत नव्हती, ती थांबत होती.

हे माझ्यापुरतेच खरे आहे असे नाही. नेदरलँड्समधील नायमेखेनचे मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम आणि त्यांच्या सहकारी आंके स्नायडर्स यांनी २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना चार पावले टाकणेही जमत नव्हते, पाय जमिनीला चिकटत होते. सायकलवर बसल्यावर मात्र ते सफाईने फेरी मारून आले, आणि उतरताक्षणी पुन्हा जागच्या जागी गोठले. लोक या हकीकतीचा पहिला भाग कौतुकाने सांगतात. आपल्या कामाचा भाग शेवटचा आहे. एक उलट गोष्टही लक्षात ठेवावी: आजाराच्या सुरुवातीच्या काळातच सायकलवरचा तोल अजिबात सांभाळेनासा झाला, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावे, कारण पार्किन्सन्ससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एखाद्या विकाराची ती खूण असू शकते. तशा वेळी पुढचे काही वाचण्याची गरज नाही.

सायकल

मधली दांडी खाली असलेली, जिला आपल्याकडे अजूनही लेडीज सायकल म्हणतात ती, भरपूर गिअरची घ्यावी. पाय मागून फेकून सीटवरून पलीकडे नेण्याची क्रिया अंगातल्या ताठरपणामुळे अर्ध्यावर अडकते, आणि त्या अवस्थेत माणूस एका पायावर उभा असतो. मलाही पहिली दोन वर्षे त्या सायकलीची लाज वाटली. खुब्याच्या हाडापेक्षा लाज स्वस्त पडते. पेडल साधे, सपाट असावे. बूट पेडलला अडकवण्याच्या सर्व युक्त्या आपल्यासाठी वर्ज्य आहेत. सीट नेहमीच्या शिफारशीपेक्षा खाली घ्यावी, इतकी की बसल्या जागेवरून पायाचा चवडा जमिनीला टेकेल. गुडघ्यांना थोडा भार जास्त येतो, तो सोसावा. मान मागे वळत नाही म्हणून उजव्या हाताला आरसा, आणि बोटांत जोर कमी म्हणून हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. तीनचाकीचा सल्ला देणाऱ्यांनी वाटेतल्या हेदवीकडे जाणारा अरुंद रस्ता समोरून एसटी येत असताना एकदा पाहावा.

गोळी आणि जेवण

लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची) गोळी आणि जेवणातली प्रथिने लहान आतड्यात एकाच वाटेने रक्तात शिरतात, त्यामुळे मासे-भात जेवून वर गोळी घेतली की गोळी दारातच खोळंबते. जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर, हा नियम घरी चुकला तर फार तर दुपार वाया जाते; रस्त्यावर चुकला तर चढाच्या मध्यावर पाय संपतात. कोकणातले जेवण या बाबतीत सोयीचे आहे. सकाळी मऊ भाताची पेज आणि लोणचे, किंवा घावणे आणि नारळाचा रस, यांत प्रथिने थोडीच असतात. मासे आणि कुळथाची पिठी रात्रीसाठी राखावी. ‘प्रथिने बंदच करा’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. रोज सायकल चालवणाऱ्याचे स्नायू मग कशावर टिकणार? फक्त वेळ बदलायची असते, आणि मात्रेत किंवा वेळापत्रकात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलायचे नसते. खाजकुहिलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असते, म्हणून कोणी प्रेमाने तिचे चूर्ण हातावर ठेवले तर ते नम्रपणे परत करावे.

दोन इशारे इथेच देतो. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल घेणाऱ्यांना घाम कमी येतो, आणि किनाऱ्यावरच्या दमट उन्हात ते घातक ठरू शकते; त्यांनी सकाळी दहाच्या पुढे सायकल सावलीला लावावी. याच आजारावरच्या प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना कोणतीही पूर्वसूचना न मिळता झोप लागते. असे एकदाही घडले असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

थांबणे

घरातून निघण्याआधी कागदावर किलोमीटर मांडू नयेत, थांबे मांडावेत. माझी गोळी चार तासांनी असते आणि तिचा चांगला असर मला मधले तीनेक तास मिळतो. जेट्टी, बाजारपेठ, देवळाजवळची गर्दी, असे जिथे जिथे उतरावेच लागणार ते सर्व त्या तीन तासांत बसले पाहिजे. ‘तुम्ही थांबू नका, एका दमात जा, थांबलात की अडकाल’ हा सल्ला मला चांगल्या सायकलपटूंनीसुद्धा दिला आहे, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. आपण ठरवलेले थांबे टाळले की म्हैस, एसटी आणि पंक्चर यांनी ठरवलेले थांबे वाट्याला येतात.

माझे मनगट मोडले ते दुसऱ्या प्रवासात, एका खाडीच्या उतारावर. गोळीला चाळीस मिनिटे उशीर झाला होता, बोट सुटण्याच्या बेतात होती आणि खालून कोणीतरी चांगल्या मनाने ‘चला काका, पटकन चला’ म्हणून हाक मारली. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सवयीने डावा पाय टेकायला गेलो. माझी डावी बाजू मंद आहे. सायकल थांबली, शरीर डावीकडे कलले आणि पाय मात्र खिळे ठोकल्यासारखा पेडलवरच राहिला. त्या पडण्यात उतार, वाळू किंवा वेग यांपैकी कशाचाही दोष नव्हता. घाई, उशिराची गोळी आणि चुकीचा पाय हे तिघे एकत्र आले होते. त्यानंतर एक महिना शाळेच्या मैदानावर मी रोज वीस वेळा फक्त थांबलो. पुढे सांगतो ती पद्धत त्या महिन्यातून आली आहे.

थांबण्याची जागा शंभर मीटर आधी डोळ्यांनी निवडावी. डांबराच्या अगदी कडेला थांबण्याची सवय सोडून द्यावी, कारण ज्यांचा चांगला पाय उजवा आहे त्यांना तिथे तो वाहनांच्या बाजूला टेकावा लागतो. शाळेचे अंगण, देवळापुढची मोकळी जागा, एसटीच्या निवाऱ्यासमोरची रुंद माती, अशा ठिकाणी पूर्णपणे आत शिरावे. चांगल्या बाजूला जांभ्याचा गडगा किंवा कट्टा मिळाला तर फारच उत्तम; हात त्यावर टेकता येतो. जांभ्याची सुटी खडी जिथे पसरली असेल तिथे मात्र थांबू नये.

मग गिअर हलका करावा आणि वेग चालण्याइतका उतरू द्यावा. मंद पाय पेडलसकट सर्वांत खाली आणून त्यावर भार द्यावा, आणि सायकल अजून हळू चालत असतानाच चांगला पाय पेडलवरून काढून मोकळा लोंबता ठेवावा. या क्षणी पायाचे नाव मोठ्याने घ्यावे. मी ‘उजवा’ म्हणतो, आणि रस्त्यातली माणसे बघतात. मनातल्या मनात म्हटलेले पुरत नाही, हे मी करून पाहिले आहे. आपोआप होणारी हालचाल या आजारात हरवते, पण मुद्दाम, शब्दाने दिलेली आज्ञा अजून पोहोचते. शेवटी दोन्ही ब्रेक हळूच दाबून सायकल चांगल्या बाजूला किंचित कलती करावी आणि पाय टेकवावा. पाय टेकल्यावर ब्रेक दाबण्याची चूक करू नये. आधी ब्रेक पूर्ण, मग पायावर भार.

आता उतरू नये. सीटवरच बसून दहापर्यंत मोजावे. चढ संपवून आल्यावर एकदम उभे राहिले की आपल्यापैकी अनेकांचा रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मोजून झाल्यावर सीटच्या पुढे सरकून चांगल्या पायावर उभे राहावे आणि मंद पाय खालच्या दांडीवरून अलीकडे आणावा. अडकायचे ते इथेच. पाय येत नसेल तर तो ओढू नये, कारण ओढले की शरीर पुढे जाते आणि पाय मागे राहतो. वजन दोनदा डावीकडून उजवीकडे हलवावे, जमिनीवरची एखादी रेघ, फरशीची कड किंवा पडलेली काठी नजरेत धरावी आणि ती ओलांडायची आहे असे समजून पाऊल उचलावे. मला तालाचाही उपयोग होतो. दिंडीत ‘ज्ञानबा-तुकाराम’वर पावले पडतात तो ताल मी तोंडाने धरतो आणि ‘तु’वर पाय सुटतो. उतरल्यावर जागच्या जागी गर्रकन वळू नये. चार-पाच पावलांचा मोठा वळसा घ्यावा.

सोबत्यालाही शिकवावे लागते. माझी पत्नी स्कूटरवरून मागे असते आणि पहिल्या वर्षी ती काळजीने ‘अहो, पाय टाका, पाय टाका’ असे म्हणत माझा दंड धरून ओढत असे, ज्यामुळे मी अधिकच गोठत असे. आता ती काही बोलत नाही. पुढे येऊन स्वतःचे पाऊल माझ्या पावलासमोर आडवे ठेवते आणि मी ते ओलांडतो. बघणाऱ्यांना हे काय चालले आहे ते कळत नाही, आणि कळवण्याची गरजही नसते.

तरीवर (फेरीबोटीवर)

या मार्गावर दोन फेरीबोटी लागतात: दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड. जेट्टीचा उतार सुरू होण्याआधी, वर सपाटीवरच वरील पद्धतीने उतरावे आणि सायकल सोबत्याकडे द्यावी. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे धडधाकट माणसेही घसरतात. बोटीच्या लोखंडी फळीवर आडव्या पट्ट्या असतील तर त्या आपल्याला वरदान आहेत: एकेक पट्टी ओलांडत गेले की पाय चिकटत नाहीत. चढताना गाड्यांच्या आधी चढू देण्याची विनंती करावी. आजाराचे नाव सांगितले की बोटीवरची माणसे ती मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. उतरताना मात्र सर्व गाड्या जाऊ द्याव्यात आणि सर्वांत शेवटी निघावे.

चढ-उतार

खाडी म्हटली की आधी उतार आणि मग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, नेणारा चढ, हे रत्नागिरीपर्यंत चालूच राहते. जड गिअरवर दात-ओठ खात चढू नये, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत. त्याला आधार आहे. पुढे क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये काम करणारे संशोधक जे अल्बर्ट्स यांनी २००३ साली अमेरिकेतील आयोवा राज्य एका महिला रुग्णाबरोबर जोडसायकलवरून ओलांडले आणि तिचे हस्ताक्षर वाटेतच सुधारलेले पाहिले; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात मिनिटाला पेडलच्या ८० ते ९० फेऱ्यांच्या वेगाने जोडसायकल चालवलेल्या रुग्णांच्या हालचालींच्या गुणांकात सरासरी ३५ टक्के सुधारणा दिसली. अभ्यासात रुग्ण अवघे दहा होते, हेही सांगितले पाहिजे. धोपाव्याच्या चढावर ८० फेऱ्या मला कधीच जमल्या नाहीत. साठ जमल्या की मी समाधानी असतो, आणि तेवढ्याही जमेनाशा झाल्या तर सायकल टेम्पोत टाकतो. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता सकाळी लवकर करावा, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे समुद्र पाहण्यासाठी गाड्या वाटेल तिथे थांबतात. जून ते सप्टेंबर हा प्रवास करू नये.

खिशातला कागद

उलटी किंवा चक्कर झाली की गावातल्या दवाखान्यात बहुधा लगेच इंजेक्शन मिळते, आणि त्यांतली नेहमीची दोन औषधे, मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या डोपामिनचेच काम अडवत असल्याने आपली लक्षणे बिघडवतात. एका दवाखान्यात मला चकरेवर असे इंजेक्शन मिळाले आणि दोन दिवस हनुवटी थरथरत राहिली. तेव्हापासून शर्टच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतो: आजाराचे नाव, गोळ्या, त्यांच्या वेळा, ही दोन औषधे देऊ नयेत अशी ठळक ओळ आणि पत्नीचा फोन नंबर. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, कारण पिशवी हरवली म्हणून औषध अचानक बंद होणे धोक्याचे असते.

मुक्काम

खोली तळमजल्याची मागावी. पहिली गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा, आणि गोळी घेतल्यावर पाऊण तास अंथरुणातच राहावे. सायकल रात्रीच रस्त्याकडे तोंड करून, चांगल्या बाजूने चढता येईल अशी लावून ठेवावी. सकाळी अरुंद अंगणात ती वळवत बसावे लागले, की दिवसाचे पहिले गोठणे तुळशीवृंदावनापाशीच होते.