मातीत मुरणाऱ्या पाण्यातून वैज्ञानिक पद्धत कशी शिकवावी

निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष असे टप्पे फळ्यावर लिहून दिले की मुले ते पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवतात, पण त्यांपैकी एकही टप्पा त्यांच्या हातून गेलेला नसतो. सहावी ते आठवीच्या वर्गाला भूशास्त्राच्या निमित्ताने ही पद्धत शिकवायची असेल, तर सुरुवात पायाखालच्या मातीपासून करावी, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. त्यासाठी तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत प्रयोग करू नये, फक्त प्रश्न घडवावा. पावसाची उघडीप असताना मुलांना बाहेर नेऊन पाणी कुठे साचले आहे आणि कुठे जिरले आहे ते पाहू द्यावे. शेतकऱ्यांच्या घरांतील मुले काळ्या रानात वाफसा, म्हणजे पावसानंतर रान कामाजोगे सुकणे, उशिरा येतो हे लगेच सांगतात. ‘काळ्या रानात चिखल का राहतो?’ हा त्यांचा प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर मोजता येत नाही. म्हणून तो वर्गाने मिळून असा बदलावा : ‘200 मिलिलिटर पाणी ओतल्यावर 10 मिनिटांत काळ्या मातीतून, मुरमातून आणि वाळूतून किती पाणी खाली येते?’

त्यानंतर प्रत्येक गटाने आपले गृहीतक वहीत पेनाने लिहावे. पेन्सिल नको, कारण निकाल लागल्यावर अंदाज हळूच खोडून ‘बरोबर’ करण्याचा मोह मुलांना होतोच. ‘काळ्या मातीतून कमी पाणी येईल’ एवढे लिहून भागत नाही. ‘कारण तिचे कण बारीक असतात आणि कणांमधल्या फटी लहान असतात’ असे पुढचे वाक्य असल्याशिवाय तो नुसता अंदाज राहतो, त्याला गृहीतक म्हणता येत नाही.

दुसऱ्या तासिकेसाठी माती दोन दिवस उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, एकाच चाळणीने चाळून ठेवावी. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली शिक्षकांनी स्वतः मधोमध कापावी. वरच्या भागाच्या तोंडाला सुती कापड रबराने बांधून तो भाग खालच्या अर्ध्या भागात उलटा बसवावा आणि त्यात 200 ग्रॅम माती भरावी. आता मुलांना विचारावे, ‘आपण काय बदलतो आहोत, काय मोजतो आहोत, आणि काय तसेच ठेवायला हवे?’ पहिली दोन उत्तरे सहज येतात. तिसऱ्या प्रश्नावर मात्र पुरेसा वेळ द्यावा, कारण पद्धतीचा गाभा तिथेच आहे. मातीचे वजन, पाण्याचे माप, कापडाचे पदर, पाणी ओतण्याचा वेग, माती दाबली की सैल ठेवली, ही यादी मुलांकडूनच यायला हवी. स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल हे शब्द त्यानंतर सांगितले की लक्षात राहतात.

प्रत्येक मातीवर प्रयोग तीन वेळा करावा, दर वेळी नवी कोरडी माती घ्यावी आणि तिन्ही आकडे लिहून सरासरी काढावी. काळ्या मातीतून 10 मिनिटांत एक थेंबही आला नाही, तर ‘प्रयोग फसला’ असे लिहू देऊ नये. वहीत शून्य लिहावे, कारण शून्य हेही मोजमापच आहे. वहीच्या डाव्या पानावर निरीक्षण आणि उजव्या पानावर अनुमान लिहिण्याची सवय लावावी. ‘पाणी गढूळ आले’ हे डावीकडे आणि ‘बारीक कण पाण्याबरोबर वाहून आले असावेत’ हे उजवीकडे.

एका वर्षी माझ्या वर्गातील एका गटाने काळ्या मातीची ढेकळे न फोडताच बाटली भरली आणि पाणी सरळ खाली उतरले. मी त्यांना ‘तुमचे चुकले’ असे सांगणार, तेवढ्यात त्या गटातील मुलीने विचारले, ‘उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, मग पहिला पाऊस त्यांतूनही असाच खाली जात असेल ना?’ तिचे म्हणणे खरे होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकणखनिजे असतात. ती ओली झाली की फुगतात आणि सुकली की आकसतात, त्यामुळे कोरड्या जमिनीच्या भेगांत शिरणारे पाणी माती फुगल्यावर अडते. पुढच्या तासिकेत वर्गाने त्याच ढेकळांवर दुसऱ्यांदा पाणी ओतून वेळ मोजली. न जुळणारा आकडा आला, तर शिक्षकांनी घाईने दुरुस्ती करू नये. त्यातून नवा प्रश्न निघतो का, हे आधी पाहावे.

तिसऱ्या तासिकेत स्तंभालेख आणि निष्कर्ष झाल्यावर भूशास्त्राची एक अडचण मुलांपुढे मांडावी : भूकंप बाटलीत घडवता येत नाही. कोयनेचा जलाशय 1962 पासून भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे तेथे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. धरणातील पाण्याचा भूकंपांशी संबंध आहे का, हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञ जलाशयाची पातळी आणि भूकंपांच्या नोंदी अनेक वर्षे ताडून पाहत आले आहेत. त्या भागात सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनविवरही (खडकात यंत्राने पाडलेले अरुंद छिद्र) घेण्यात आले. गृहीतक तेथेही असते, फक्त त्याची परीक्षा नोंदींवर होते.

शेवटी गटांनी वह्या बदलाव्यात आणि दुसऱ्याची वही वाचून, त्यांना काहीही न विचारता, त्यांचा प्रयोग पुन्हा करावा. जिथे अडेल तिथे लाल खूण करावी. माझ्या वर्गात सर्वांत जास्त खुणा ‘माती किती दाबली होती?’ या एकाच ठिकाणी होतात.