बायबलमधल्या वंशावळी आणि शिरगणत्या न वगळता कशा वाचाव्यात

‘अमक्याला तमका झाला’ची पानं आली की बहुतेक वाचक पुढच्या अध्यायावर उडी मारतात. उडी मारू नका असं बजावणारेही नंतर दोनच सल्ले देतात: नावांचे अर्थ जोडून गुप्त संदेश शोधा, नाहीतर वयांची बेरीज करून जगाचं वय काढा. दोन्ही सोडा. बेरीज करायचीच हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा: उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातल्या वयांवरून आदामापासून जलप्रलयापर्यंत प्रचलित हिब्रू पाठात १,६५६ वर्षं भरतात आणि शोमरोनी समाजाने जपलेल्या पाठात १,३०७. आधी कोणता पाठ धरायचा ते ठरवा, मग जगाचं वय सांगा.

मी ज्या पद्धतीने वाचतो ती खाली दिली आहे. वंशावळ किंवा शिरगणती म्हणजे हक्काचा कागद, एवढं एकच गृहीतक तिच्यामागे आहे.

पायरी १. छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. उत्पत्ती ४६, गणना १ ते ४ आणि २६, यहोशवा १३ ते १९, पहिला इतिहास १ ते ९, एज्रा २ आणि नहेम्या ७ इथे खुणेच्या चिठ्ठ्या लावा. मोबाइलवर दोन याद्या शेजारी ठेवून वाचणं अवघड जातं, म्हणून छापील.

पायरी २. यादी कशासाठी केली ते आधी शोधा. हे बहुधा यादीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-चार ओळींतच लिहिलेलं असतं आणि नेमक्या त्याच ओळी लोक वाचत नाहीत. गणना १ मध्ये वीस वर्षांवरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष मोजले आहेत. बायका, मुलं त्यात नाहीत आणि लेवी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी राखलेला वंश, मुद्दाम वगळले आहेत. तिसऱ्या अध्यायात त्याच लेवींची मोजदाद एक महिन्याच्या बाळापासून होते, कारण इस्राएलातल्या प्रत्येक थोरल्या मुलाच्या बदली देवाला एक लेवी द्यायचा आहे. आकडा २२,०००. पुढच्याच अध्यायात फक्त तीस ते पन्नास वयाचे लेवी मोजतात, कारण निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं सामान वाहायला धडधाकट माणसं हवीत. आता आकडा ८,५८०. माणसं तीच, प्रयोजन वेगळं, म्हणून संख्या वेगळी. सव्वीसाव्या अध्यायात इस्राएलाच्या बारा वंशांची यादी संपते न संपते तोच जमीनवाटपाचा आदेश येतो: मोठ्या वंशाला मोठा वाटा, लहानाला लहान. आपल्याकडे वारसनोंदीसाठी वंशावळ काढतात तेव्हा आजोबांच्या आठवणी काढायला काढत नाहीत. इथेही तसंच आहे.

पायरी ३. पुढचं नाव माणसाचं की गावाचं, हे विचारत चला. पहिल्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात सल्मा हा ‘बेथलेहेमाचा बाप’ आहे आणि शोबाल ‘किर्याथ-यारीमाचा बाप’. ही गावं आहेत. म्हणजे तिथे वंशवृक्षाच्या रूपात यहूदा या वंशाच्या वस्त्या मांडल्या आहेत.

याचा पुरावा जमिनीतूनही निघाला आहे. १९१० मध्ये शोमरोन इथल्या उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेल्या, तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी सापडल्या. काळ इसवी सनपूर्व आठवं शतक. माल कुठून आला ते सांगणाऱ्या नावांत अबियेजर, हेलेक, अस्रिएल, शेखेम आणि शमीदा आहेत. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात हे सगळे मनश्शे या वंशातले म्हणून येतात. त्याच खापरांवर होग्ला आणि नोआ ही नावंही आहेत. बायबलमध्ये या सलाफहादाच्या मुली. त्याला पाच मुली होत्या, मुलगा नव्हता, आणि ‘आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं?’ असं विचारून त्यांनी मोशेकडून जमिनीत वाटा मिळवला. पाचवी तिरसा, तिच्या नावाचं शहर पुढे काही काळ उत्तरेच्या राज्याची राजधानी होतं. मुली आधी की गावं आधी, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. वंशावळीत बसलेलं प्रत्येक नाव कुठल्यातरी जमिनीवरचा हक्क सांगतं, एवढं पकडा.

बाहेरचे लोकही याच वाटेने आत येतात. कालेब गणनेच्या बत्तिसाव्या अध्यायात कनिज्जी आहे, आणि कनाज हे नाव उत्पत्ती ३६ मध्ये अदोमी लोकांचा मूळपुरुष एसाव याच्या घराण्यात सापडतं. म्हणजे मूळ धागा इस्राएलाबाहेर, अदोमाकडे जातो. तरी कनान देश पाहायला हेर निवडताना तो यहूदाचा प्रतिनिधी, हेब्रोन त्याला मिळतं यहूदाच्या हद्दीत, आणि इतिहासाच्या पुस्तकात तर कालेब नावाभोवतीची कुळं थेट यहूदाच्या पोटात बसवली आहेत. ‘शुद्ध रक्ताची यादी’ म्हणून या वंशावळी मिरवणाऱ्यांनी कालेब नीट वाचावा.

पायरी ४. दोन याद्या शेजारी ठेवा आणि तफावत मिटवायची घाई करू नका. गाडी अडते ती इथे. मीही इथेच बराच काळ अडलो होतो, कारण जे भाष्य उघडावं ते फरक दिसताच मलमपट्टीला धावतं. एक म्हणतं नकलनविसाची चूक, दुसरं म्हणतं दोन वेगळ्या मोजण्या, तिसरं म्हणतं आकडे प्रतीकात्मक. यातलं काहीही कधीकधी खरं असेलही. पण उत्तर आधी वाचलं की तफावतीकडे बघायची नजरच मरते. आधी फरकांची यादी स्वतःच्या हाताने करा, भाष्य नंतर.

नमुना म्हणून एकच वंश धरा. शिमोन घ्या, दुसरा नको. शिमोनात सगळं सापडतं. गणना १ मध्ये शिमोन ५९,३००, म्हणजे यहूदा आणि दान यांच्या खालोखाल तिसरा. गणना २६ मध्ये २२,२००, म्हणजे बारांत सगळ्यात लहान. ३७,१०० माणसं गेली. एकूण बेरीज मात्र फारशी हलत नाही: ६,०३,५५० वरून ६,०१,७३०. म्हणजे सगळ्या लोकांवर आलेलं संकट हे कारण पुरत नाही. त्याच दोन याद्यांमध्ये मनश्शे ३२,२०० वरून ५२,७०० वर चढला आहे.

मग लोक पंचविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे मरीत २४,००० मेले आणि भर छावणीत मिद्यानी बाई आणणारा जिम्री हा शिमोनी घराण्याचा सरदार होता. जोडणी आकर्षक आहे. पण मेलेले सगळे शिमोनी होते असं मजकूर म्हणत नाही, आणि होते असं धरलं तरी १३,१०० उरतातच. तेव्हा कारणाचा नाद सोडा आणि परिणाम शोधा. यहोशवाच्या एकोणिसाव्या अध्यायात शिमोनाला स्वतःचा सलग प्रदेश मिळत नाही. यहूदाचा वाटा त्याला जास्त झाला म्हणून त्यातलीच गावं शिमोनाला दिली जातात. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेहेतिसाव्या अध्यायात मोशे वंशांना आशीर्वाद देतो, त्यात शिमोनाचं नावच नाही. पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायात शिमोनाच्या वंशातल्या शिमईला सोळा मुलगे आणि सहा मुली होत्या, पण त्याच्या भावांना फार मुलं नव्हती आणि त्यांचं कूळ यहूदाइतकं वाढलं नाही, अशी नोंद आहे. आता गणना २६ मधला २२,२०० पुन्हा वाचा. यहूदात विरून गेलेल्या वंशाचा हिशेब तिथे आधीच मांडलेला दिसतो.

हे एकदा हाताने केलं की बाकी वंश तुम्हाला जमतील. मात्र एक ताकीद: आकड्यांवरून छावणीची लोकसंख्या काढत बसू नका. गणना ३ मध्ये सगळ्या इस्राएलात थोरले मुलगे २२,२७३. लढाऊ पुरुषच सहा लाखांवर असतील तर दर सत्तावीस पुरुषांमागे एक थोरला पडतो. यावर चतुर खुलासे आहेत, मला त्यातला एकही पटलेला नाही. त्याच अध्यायात लेवींच्या तीन घराण्यांचे ७,५००, ८,६०० आणि ६,२०० मिळून २२,३०० होतात, मजकूर २२,००० म्हणतो. उरलेले तीनशे स्वतःच थोरले होते, म्हणून ते कोणाची बदली भरू शकत नव्हते, असं तालमूद हा यहुद्यांचा जुना भाष्यग्रंथ सांगतो. गंमत अशी की हिशेब पुढे अगदी काटेकोर चालतो: २२,२७३ वजा २२,०००, उरले २७३, दर डोई पाच शेकेल (चांदीचं वजन), एकूण १,३६५ शेकेल. लिहिणाऱ्याला बेरीज येत होती. आपला प्रश्न त्याचा प्रश्न नव्हता.

पायरी ५. कोणाला जास्त जागा मिळाली ते पानं मोजून पाहा. पहिल्या इतिहासात यहूदा सगळ्यांच्या आधी, मधोमध लेवी एक्याऐंशी ओव्या, बन्यामीन दोनदा. दान आणि जबुलून यांची स्वतंत्र वंशावळ नाही. रऊबेन थोरला असून मागे का, याचं कारणही तिथे दिलं आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमेभोवती कोण उरलं होतं ते यावरून कळतं.

पायरी ६. दावीद राजाची शिरगणती सगळ्यात शेवटी वाचा. दुसऱ्या शमुवेलात इस्राएल आठ लाख आणि यहूदा पाच लाख. पहिल्या इतिहासात अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. पण आकड्यांपेक्षा यवाबाचा विरोध महत्त्वाचा. सेनापती असून तो मोजायला नको म्हणतो. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात मोजताना प्रत्येकाने अर्धा शेकेल खंडणी द्यावी, म्हणजे मरी येणार नाही, असा नियम आहे. माणसं मोजणं म्हणजे त्यांच्यावर मालकी सांगणं, ही भीती त्यामागे आहे असं मला वाटतं. राजा मोजतो तो फौजेसाठी, आणि नंतर सत्तर हजार माणसं मरीने जातात.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर उत्पत्ती ५ मधून मुळीच नको. एज्रा २ घ्या. त्यात हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय यांचे वंशज बाबेलहून परत येतात आणि वंशावळीत आपली नावं शोधतात. नावं सापडत नाहीत. त्यांना याजकपदावरून काढतात, आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) घेऊन कोणी याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खायचं नाही असं अधिकारी बजावतो. तेवढ्या तीन ओव्या वाचून मग पहिल्या इतिहासाकडे वळा.