कोचला शिव्या घालायच्याच असतील तर नीट घाला, टीम हरत असताना वाद कसा घालायचा

फुटबॉलमध्ये आपली टीम लागोपाठ चार मॅच हरली की मित्रांमध्ये दोनच वाक्यं फिरायला लागतात, 'कोचला हाकला' आणि 'त्या नऊ नंबरवाल्याला बसवा' (म्हणजे गोल मारायला पुढे असलेल्या स्ट्रायकरला), आणि समोरून तितकंच ठरलेलं उत्तर येतं, 'अरे थोडा वेळ द्या ना त्याला'. मग तासभर तेच दळण. कोण बरोबर कोण चूक ते राहू दे, मुळात कोणीच 'मी हे बघितलं' असं काही बोलत नाही. तर पुढच्या वेळी भांडायला बसाल तेव्हा काय बघून बसायचं ते लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका, गोल होत नाहीयेत म्हणजे चान्सच तयार होत नाहीयेत, की चान्स तयार होतायत आणि वाया जातायत? ह्या दोन पूर्ण वेगळ्या तक्रारी आहेत आणि निम्मी भांडणं फक्त त्यांची खिचडी केल्यामुळे होतात. बॉल बॉक्सपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनापर्यंत, पोचतच नसेल तर स्ट्रायकर बदलून काय होणार, तिथे प्रश्न कोचला विचारायचा. आणि बॉल पोचतोय, मोकळा शॉट मिळतोय, तरी बाहेर जातोय, तर मग स्ट्रायकर नाहीतर नशीब. बघून कळत नसेल तर एक्सजी बघा, म्हणजे तशा जागेवरून तसा शॉट मारला तर गोल व्हायची शक्यता किती. पेनल्टीला साधारण 0.76 ते 0.79 धरतात, आणि पंचवीस-तीस मीटरवरून हाणलेला शॉट बहुतेक वेळा 0.05 च्याही खाली असतो. म्हणजे 'आपण वीस शॉट मारले तरी हरलो, काय नशीब आहे' असं कोणी म्हणालं की विचारा, कुठून मारले? वीसच्या वीस लांबून असतील तर सगळे मिळून जेमतेम एक गोल होतो, आणि ते नशीब नाही, ते बॉक्समध्ये शिरता न येणं आहे.

फक्त एका मॅचचा एक्सजी घेऊन नाचू नका प्लीज. एखादी टीम दहाव्या मिनिटाला गोल करून मागे बसते, मग तुमचे आकडे आपोआप फुगतात कारण समोरचा तुम्हाला बॉल देऊनच बसलाय. आठ-दहा मॅचचं मिळून बघा, पेनल्टी वेगळी काढून.

आता आकडे बाजूला. मॅच चालू असताना दहा मिनिटं बॉलकडे न बघता फक्त स्ट्रायकरकडे बघा. टीव्हीवर हे कठीण आहे कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि हा गडी फ्रेमच्या बाहेर असतो, पण स्टेडियममध्ये बसला असाल तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. समजा राइट बॅकला, म्हणजे उजव्या कडेच्या डिफेंडरला, बॉल मिळाला. स्ट्रायकर समोरच्या सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) पाठीमागून सटकून जवळच्या पोस्टकडे पळाला, हाताने दाखवतोय इथे टाक, इथे टाक. पण उजव्या कडेने पुढे खेळणारा विंगर डाव्या पायाचा, तो बॉल घेऊन आत वळला आणि मागे पास दिला. स्ट्रायकर थांबला, परत मागे आला. दोन मिनिटांनी तेच. तिसऱ्या वेळी तो पळालाच नाही, उभा राहिला, आणि नेमका त्याच वेळी क्रॉस, म्हणजे कडेवरून आत टाकलेला बॉल, आला, गोलसमोरून आडवा निघून गेला, आणि सगळं स्टेडियम ओरडलं 'आळशी!'. हायलाइट्समध्ये फक्त तो तिसरा दिसणार. आता ह्यात दोष कोणाचा? माझ्या मते कोचचा, कारण विंगर कोणत्या बाजूला खेळवायचा आणि आतल्या माणसाला बॉल कधी द्यायचा हे प्रॅक्टिसमध्ये बसवायचं काम त्याचं आहे. पण समजा तुम्ही दहा मिनिटं बघितलंत आणि तो एकदाही पळाला नाही, दोन सेंटर बॅकच्या मधे शांत उभा, तर मग बसवा त्याला, मी तुमच्या बाजूने.

अजून एक मोजायला सोपं, क्रॉस येतो तेव्हा बॉक्समध्ये आपली माणसं किती? एकटा स्ट्रायकर आणि समोर चार डिफेंडर असतील तर तिथे कोणालाही उभा करा, फरक पडणार नाही.

फॉर्मेशनवरची भांडणं मला तरी अर्धी फुकट वाटतात. 4-3-3 की 4-2-3-1, म्हणजे मागून पुढे कुठल्या रांगेत किती जण, हा कागदावरचा आकडा, बॉल आपल्याकडे असताना तीच टीम वेगळी उभी असते आणि बॉल गेल्यावर वेगळी. त्यापेक्षा हे विचारा की कीपरकडून बॉल पुढे कसा निघतो, कुठे हरवतो, आणि हरवल्यावर पुढच्या पाच सेकंदात कोण काय करतं. कोचची खरी चूक पकडायची तर सगळ्यात सोपी जागा सांगतो, डिफेन्सची लाइन पार मध्यरेषेपर्यंत चढलेली आणि समोरच्या ज्याच्या पायात बॉल आहे त्याच्यावर कोणीच जात नाहीये. त्याला मान वर करून बघायला वेळ मिळाला की एक लांब बॉल डोक्यावरून आणि खेळ खलास. एकदा झालं तर खेळाडूची चूक, प्रत्येक मॅचमध्ये होत असेल तर कोचची, आणि तिथे मात्र 'वेळ द्या' हे उत्तर चालणार नाही. पुढचे प्रेस करणार नसतील, म्हणजे बॉलवाल्यावर धावून जाणार नसतील, तर लाइन खाली घ्या, एवढं तर दोन दिवसांत बदलता येतं.

आता स्ट्रायकर. 'गोल करत नाही म्हणजे काढा' म्हणणाऱ्याला लोक लगेच फ्रान्सच्या जिरूचं उदाहरण देतात, 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्स जिंकलं आणि त्यांच्या नऊ नंबरने अख्ख्या स्पर्धेत गोल सोडा, टार्गेटवर एक शॉट नाही मारला. खरंय. पण हे उदाहरण प्रत्येक सुमार स्ट्रायकरची ढाल करू नका. जिरू सेंटर बॅकना अंगावर घेत होता, बॉल अडवून धरत होता आणि त्या जागेत एम्बाप्पे आणि ग्रीझमन खेळत होते, दोघांनी चार-चार गोल केले. तेव्हा पुढचा प्रश्न हाच की आमच्या स्ट्रायकरमुळे दुसरं कोणी गोल करतंय का? विंगरचे गोल वाढलेत का? नसतील तर जिरूचं नाव काढू नका.

आणि कोच हट्टाने एकालाच खेळवतोय तेव्हा काय? 1982 मध्ये इटलीचा पावलो रॉसी दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच परतला होता, वर्ल्ड कपच्या पहिल्या चार मॅचमध्ये शून्य गोल, सगळे कोच बेआर्झोतवर तुटून पडलेले, त्याने तरी काढला नाही. पाचव्या मॅचला ब्राझीलविरुद्ध तीन, सेमीत पोलंडविरुद्ध दोन, फायनलला पश्चिम जर्मनीविरुद्ध एक. भारी गोष्ट आहे. पण नेमकं उलटं 2022 मध्ये झालं, सौदी अरेबियाकडून हरल्यावर अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीने दोन मॅचमध्ये लाउतारो मार्तिनेझला बसवून हुलियान आल्वारेझला आणलं, त्याने स्पर्धेत चार गोल केले आणि अर्जेंटिना जिंकलं. गंमत म्हणजे नेदरलँड्सविरुद्धची शेवटची निर्णायक पेनल्टी त्याच लाउतारोने मारली. आणि त्याच स्पर्धेत पोर्तुगालने रोनाल्डोला बेंचवर ठेवून गोन्सालो रामोसला खेळवलं, स्वित्झर्लंडविरुद्ध हॅट्रिक, 6-1, सगळे म्हणाले बघा सांगत होतो, आणि पुढच्याच मॅचला मोरोक्कोने 1-0 ने घरी पाठवलं. म्हणजे एक उदाहरण फेकून वाद जिंकता येत नाही, समोरच्याकडे दुसरं तयार असतं.

बेंचवरच्या पोराबद्दल एक सांगतो, जो खेळत नाही तो दर आठवड्याला आपोआप जास्त चांगला होत जातो. सत्तराव्या मिनिटाला येऊन गोल मारला की 'दर 90 मिनिटांमागे गोल' ह्या आकड्यात तो जगात भारी दिसतो, पण तो दमलेल्या डिफेन्ससमोर, खेळ मोकळा झाल्यावर आलेला असतो. पहिल्या मिनिटापासून ताज्या सेंटर बॅकसमोर काय करतो ते चार मॅच सलग बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून 'त्याला आण' ऐवजी 'त्याला चार मॅच सलग दे' अशी मागणी करा, ती निदान तपासता येते. तसंच सबचं, म्हणजे बदली खेळाडूंचं. आता पाच सब मिळतात, तरी एखादा कोच 0-1 मागे असताना ऐंशीव्या मिनिटापर्यंत हात बांधून उभा राहतो, ह्यावर जरूर बोला. पण मिडफिल्डर काढून तिसरा-चौथा स्ट्रायकर टाकला नाही म्हणून ओरडू नका, पुढे चार जण रांगेत आणि त्यांना बॉल द्यायला मागे कोणीच नाही, असं कितीदा बघितलंय.

हाकलायचं की नाही ह्यावर मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं नाव निघणारच. नोव्हेंबर 1986 ला आला, पहिली ट्रॉफी 1990 ची एफए कप, आणि त्या सीझनला लीगमध्ये तेरावा. आर्सेनलच्या आर्टेटाचंही निघेल, 2021-22 ला लीगच्या पहिल्या तीनही मॅच एकही गोल न करता हरला, तळाला होता, सीझन पाचव्या नंबरवर संपवला आणि पुढच्या वर्षी दुसरा. ठीक आहे, पण वेळ मिळूनही काहीच न करू शकलेल्या कोचांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही, ते बरेच जास्त आहेत. दुसऱ्या बाजूने 'नवीन कोच आला की टीम सुधारते' हेही जपून घ्या. कोचला टीम सगळ्यात खाली गेल्यावरच काढतात, तिथून थोडं वर येणं कोणीही नसता आला तरी झालंच असतं, त्यात जखमी खेळाडू परत येतात, फिक्स्चर सोपे लागतात.

म्हणून मी मित्राशी भांडताना एकच अट घालतो, पुढच्या तीन मॅचमध्ये काय दिसलं तर तू तुझं मत बदलशील ते आत्ता सांग. रिझल्ट नको, खेळातलं काहीतरी सांग. 'बॉक्समधले शॉट वाढले तर', 'लाइन आणि प्रेसिंग जुळलं तर', असं. काहीच सांगता येत नसेल तर त्याला कोचबद्दल बोलायचंच नाहीये, त्याला राग काढायचाय, काढू दे, हरल्यावर तेवढा हक्क आहे.

कोच प्रेस कॉन्फरन्समध्ये काय बोलला ते फार मनावर घेऊ नका, हरल्यावर सगळेच 'परफॉर्मन्सवर खूश आहे' म्हणतात, ड्रेसिंग रूम सांभाळायची असते. पुढच्या मॅचची टीम शीट तासभर आधी येते ती बघा. डाव्या पायाचा विंगर परत उजवीकडेच असेल तर निदान एवढं बघा की त्याच्या मागे बाहेरून पळून क्रॉस टाकणारा फुलबॅक दिलाय का, तोही नसेल तर किक ऑफच्या आधीच सुरू करा.