केसगळतीचं औषध सुरू असताना डोकं खाजतंय? काय करावं, कसं करावं

केस विरळ व्हायला लागले की मेडिकलमधून मिनॉक्सिडिलची बाटली आणली जाते. दहा-पंधरा दिवसांत डोकं खाजायला लागतं आणि बाटली फडताळात जाऊन बसते. यात नुकसान दुहेरी होतं. मिनॉक्सिडिलमुळे टिकून राहिलेले केस औषध सोडल्यावर तीन-चार महिन्यांत पुन्हा गळतात. खाज अंगावर काढून औषध चालूच ठेवलं, तर नखांनी कातडी सोलवटते, केस मुळाशी तुटतात, आणि सोललेल्या कातडीतून औषध नको तेवढं रक्तात उतरतं.

म्हणून औषध सोडू नका आणि खाज सोसूही नका. आधी खाज कशाची आहे ते ओळखा. बहुतेक वेळा ती मिनॉक्सिडिलची नसते. ज्या द्रवात ते विरघळवलेलं असतं त्याची असते, नाहीतर आधीपासून असलेल्या कोंड्याची.

पायरी 1 : खाज कधी आणि कुठे, हे तीन दिवस बघा

भर उजेडात, घरातल्या कोणाला तरी केसांचा भांग पाडत डोकं बघायला सांगा. मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा, पुढे डॉक्टरांना दाखवायला कामी येतात.

औषध लावल्यावर काही मिनिटांत चुणचुण होते आणि अर्ध्या तासात थांबते, कातडी लाल होत नाही, तर ती द्रवातल्या अल्कोहोलची चुणचुण आहे. कोरड्या कातडीवर ती जास्त जाणवते. पण जिथे औषध लागतं तिथेच लाली येते, बारीक पुरळ उठतो, ओघळ कपाळावर आला तर कपाळही खाजतं, आणि हे दर वेळी वाढत जातं, तर ती ॲलर्जी आहे. संशयित नंबर एक प्रॉपिलीन ग्लायकॉल. मिनॉक्सिडिल विरघळलेलं राहावं म्हणून तो द्रवात घालतात.

पिवळसर, तेलकट पापुद्रे, कानामागे आणि भुवयांतही तसेच, आणि घाम आला की खाज वाढते, हे कोंड्याचं लक्षण. इथे एक गफलत नेहमी होते. मिनॉक्सिडिल वाळल्यावर केसांच्या मुळाशी पांढरी भुकटी राहते. ती बोटाने झटकली की पडते आणि फक्त औषधाच्या जागी असते. कोंडा कातडीला चिकटलेला असतो, खरवडल्यावर निघतो आणि खाली लालसर दिसतं.

मानेवर आणि कानामागे रात्री खाज जास्त असेल तर फणी फिरवून उवा-लिखा बघा. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर हे आधीच बघा. उवा निघाल्या तर 1 टक्का परमेथ्रिन लोशन ओलसर केसांना 10 मिनिटं लावून धुवायचं, 7 ते 10 दिवसांनी पुन्हा एकदा, आणि घरातल्या ज्यांच्या डोक्यात उवा आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी. रॉकेल मुळीच लावू नका. कातडी भाजते आणि चुलीजवळ बसलेलं माणूस पेटू शकतं.

मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, खवल्यांचा गोल चट्टा असेल तर तो डोक्यातला नायटा असू शकतो. तो नुसत्या शाम्पूने जात नाही, पोटातून गोळ्या लागतात. मिनॉक्सिडिलचा तिथे काही उपयोग नाही. गुळगुळीत, न खाजणारी गोल चाई (केस गळून पडलेला चट्टा) हा वेगळा आजार आहे, तीही डॉक्टरांनाच दाखवा.

पायरी 2 : कातडी लाल किंवा सोललेली असेल तर औषध थांबवा

लाली आणि जखमा पूर्ण बऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, मिनॉक्सिडिल लावू नका. एवढ्या खंडाने केलेली मेहनत वाया जात नाही. लाली नसलेल्या साध्या चुणचुणीसाठी मात्र थांबायची गरज नाही.

या दिवसांत मेंदी, डाय, कांद्याचा रस, लिंबू, मोहरीचं तेल, सगळं बंद. केस काळे करायच्या स्वस्त पुड्यांत आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी डोक्यापेक्षा कानाच्या पाळीवर, कपाळाच्या कडेला आणि पापण्यांवर सुजेने आधी दिसते. सण-लग्नाच्या आदल्या दिवशी डाय लावला आणि दोन दिवसांनी चेहरा सुजला, तर दोष मिनॉक्सिडिलला देऊ नका.

आणि बिब्बा. चाईवर बिब्बा घासायची रीत आपल्याकडे अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, लस वाहते. फोड खोल गेला तर मूळच मरतं आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. चाई बहुतेकांची औषधाने, कधी आपोआपही भरून येते. बिब्ब्याचा व्रण भरत नाही.

पायरी 3 : डोकं नीट धुवा

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त उपयोगाची. कोंडा असेल तर मिनॉक्सिडिल बदलून फायदा होणार नाही, कोंडा आधी आटोक्यात आणावा लागेल.

2 टक्के कीटोकोनाझोल शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे. केस ओले करून चमचाभर शाम्पू बोटांच्या पेरांनी कातडीवर लावा, नखांनी नाही. मग 5 मिनिटं थांबा. घड्याळ बघूनच थांबा, कारण लावून लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि “शाम्पूने काही झालं नाही” म्हणणाऱ्यांची चूक बहुधा हीच असते. कोंडा बसला की आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मधल्या दिवशी साधा सौम्य शाम्पू वापरा.

कोंडा असताना रात्रभर तेल थापून ठेवू नका. कोंड्यामागची मॅलेसेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवर जगते. खोबरेल लावल्यावर पापुद्रे भिजून दबतात, खाज तासभर शमते, म्हणून बरं वाटतं. दोन दिवसांनी तीच खाज परत येते. तेलाशिवाय करमतच नसेल तर धुण्याआधी अर्धा तास, केसांच्या टोकांना लावा. मिनॉक्सिडिलच्या आधी तेल नकोच, तेलाच्या थरातून ते कातडीपर्यंत नीट पोचत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून जास्त साबण घासला जातो आणि त्याचा चिकट साका केसांत राहतो. तोच पुढे खाजतो. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाने डोकं धुणं सोडा, शाम्पू वापरा. शेवटचं खळबळणं तरी नळयोजनेच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने करा, एक गंजभर पुरतं. पाणी कोमट असू द्या. कढत पाण्याने कातडी कोरडी पडून खाज वाढते.

पायरी 4 : पुन्हा लावण्याआधी हातावर तपासा

कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, औषधाचे एक-दोन थेंब दिवसातून दोनदा, 7 दिवस लावा. ती जागा लाल झाली, खाजली किंवा पुरळ उठला तर तेच औषध डोक्यावर लावू नका. एकदाच लावून “काही झालं नाही” म्हणणं पुरेसं नाही, ही ॲलर्जी बहुधा काही दिवसांनी उठते.

हातावर काही झालं तर डॉक्टरांना विचारून फोम, म्हणजे फेसाच्या रूपातलं मिनॉक्सिडिल, घ्या. फोममध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल नसतो. मिनॉक्सिडिलचे प्रॉपिलीन ग्लायकॉल नसलेले द्रवही मिळतात, खोक्यावरची घटकांची यादी वाचून घ्या. फोम महाग पडतो आणि आपल्या उन्हात त्याची एक अडचण आहे. तो ऊबदार बोटांवर लगेच विरघळतो. हात गार पाण्याने धुऊन, पुसून, मग फोम घ्या. डबा दाबाखालचा असतो, म्हणून टिनाच्या छपराखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मुळीच नाही.

फोमनेही तसाच पुरळ उठला तर ॲलर्जी मिनॉक्सिडिलचीच असू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर लावायचं औषध कायमचं बंद. पुढे काय घ्यायचं हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील.

पायरी 5 : मोजून आणि कोरड्या कातडीवर लावा

पुरुषांसाठी 5 टक्के द्रव, 1 मिली, दिवसातून दोनदा. 60 मिलीची बाटली बरोबर 30 दिवस पुरते. वीस दिवसांत संपत असेल तर जास्त लावताय आणि खाज तिथूनच येतेय. जास्त लावल्याने केस लवकर येत नाहीत. महिलांसाठी 2 टक्के द्रव 1 मिली दोनदा, किंवा 5 टक्के फोम अर्ध्या झाकणाएवढा दिवसातून एकदा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मिनॉक्सिडिल वापरू नये. बाटलीवर फिनास्टेराइड (केसगळतीवरचं दुसरं औषध) हाही शब्द आहे का ते प्रत्येक घरात बघा. दोन्ही एकत्र असलेल्या बाटल्या सर्रास विकल्या जातात, आणि ज्या बाईला दिवस राहू शकतात तिने फिनास्टेराइडपासून लांबच राहावं.

ड्रॉपरने भांगाच्या रेषेत थेंब सोडा, बोटाने पसरा, चोळू नका. डोकं कोरडं हवं. ओल्या किंवा घामेजल्या कातडीवर जास्त झोंबतं आणि ओघळतं. लावल्यावर 4 तास धुवायचं नाही. हात साबणाने धुवा. वाळेपर्यंत चुलीपाशी किंवा पेटत्या बिडीजवळ जाऊ नका, द्रवात अल्कोहोल असतो. झोपण्याच्या किमान 2 तास आधी लावा, नाहीतर उशीला लागून गालावर जातं आणि बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते.

सकाळचा डोस शेतावर जाणाऱ्याला जड जातो. सहाला लावून सातला डोक्याला दुपट्टा बांधून निंदणाला गेलं की घामासोबत औषध डोळ्यांत उतरतं आणि दुपट्ट्याखाली कोंडतं. शेताच्या दिवसांत पहाटे उठल्या-उठल्या लावून वाळू द्या. तेही जमत नसेल तर रात्री एकदाच लावलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. रोज एकदा नेमाने लावणं, दोनदा ठरवून चार दिवस विसरण्यापेक्षा बरं. दुपट्टा सुती असू द्या आणि रोज धुवा. फवारणीच्या दिवशी घरी आल्यावर आधी डोकं धुवा, मग औषध. कीटकनाशकाचा फवारा बसलेल्या कातडीवर दुसरं काही लावायचं नाही.

थांबवलेलं औषध पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा रोज फक्त रात्री, काही झालं नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून ठरलेला डोस. सुरुवातीच्या 2 ते 8 आठवड्यांत केस जास्त गळतात. त्यात लाली-खाज नसेल तर घाबरू नका, जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. फरक दिसायला किमान 4 महिने लागतात.

खाजेवर मलम आणि गोळी

मेडिकलमध्ये “खाजेचं मलम” मागितलं की अनेकदा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हाती येते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोक महिनोन्महिने लावतात. कातडी पातळ होते, नायटा असेल तर दबून पसरतो आणि ओळखू येईनासा होतो. स्टेरॉइड लोशन काही वेळा खरंच लागतं, पण किती दिवस ते डॉक्टरांनी सांगितलेलं हवं.

सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या औषधाची 10 मिलीग्रॅमची गोळी रात्री घेतली तर झोप लागते, पण ॲलर्जीचं मूळ जात नाही. घेतल्यावर ट्रॅक्टर किंवा गाडी चालवू नका.

दवाखान्यात कधी जायचं

छातीत धडधड, चक्कर, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज आली तर औषध लगेच बंद करून त्याच दिवशी जा. लस, पू, ताप, मानेला गाठी, दुखणारा सुजलेला चट्टा असेल तरीही थांबू नका. जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत डोकं खाजून काही दिवसांतच लोकांचे केस मुठीत येऊ लागले होते आणि तपासणीसाठी आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पथक आलं होतं. एकाच गावात बऱ्याच जणांचं असं एकदम व्हायला लागलं तर मिनॉक्सिडिल विकत घेत बसू नका. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

एरवी महिनाभर वरच्या पायऱ्या करूनही खाज राहिली तर त्वचारोग विभागात दाखवा. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तो आहे. बायकांनी केसगळतीसाठी जाताना हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारावं. जाण्याच्या आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका, पापुद्रे दबले की डॉक्टरांना काही दिसत नाही. वापरलेली प्रत्येक बाटली, शाम्पूची पुडी, डायचं पाकीट आणि मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून सोबत न्या.