कॅसिनोच्या ‘जबाबदार जुगार’ उपायांचा प्रत्यक्ष उपयोग कसा करून घ्यावा : सिंधुदुर्गातील कुटुंबांसाठी

पणजीला मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनोची जहाजे सिंधुदुर्गातील माणसाला आता परकी राहिलेली नाहीत. बांद्याहून निघालेली गाडी तास-सव्वा तासात तिथे पोहोचते. वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, जमा झाले, किंवा १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की हातात पैसा आणि वेळ दोन्ही असलेली मंडळी मिळून गाडी ठरवतात. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास १ फेब्रुवारी २०२०पासून बंदी आहे. परंतु गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीच्या अलीकडे राहणारा माणूस तिथे पर्यटक ठरतो आणि त्या बंदीतून मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही. म्हणून कंपन्या ‘जबाबदार जुगार’ या नावाने जे उपाय जाहीर करतात, त्यांचा उपयोग आपणच नीट समजून करून घेतला पाहिजे.

हे उपाय दोन जातींचे असतात. काही केवळ खेळाडूला उपदेश करतात : भिंतीवरचा फलक, माहितीपत्रक, ‘मर्यादेत खेळा’ ही ओळ. काही मात्र कंपनीचेच हात बांधतात : अमुक व्यक्तीला प्रवेश द्यायचा नाही, तिला उधार द्यायचे नाही, तिला ऑफरचे निरोप पाठवायचे नाहीत. माझ्या मते आपण फक्त दुसऱ्या जातीच्या उपायांवर भर द्यावा, कारण खेळाडूच्या हरण्यावरच ज्या व्यवसायाचे उत्पन्न उभे आहे, त्याने स्वतःहून खेळाडूला थांबवावे ही अपेक्षा फार मोठी आहे. ऑस्ट्रेलियातील क्राउन मेलबर्न या कॅसिनोकडे जबाबदार जुगाराची आचारसंहिता लेखी स्वरूपात होती. तरीही तिचे पालन न केल्याबद्दल व्हिक्टोरिया राज्याच्या नियामकाने २०२२मध्ये त्याला १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कागदावरचा नियम पाळला जातो की नाही, हे विचारणारे कोणीतरी लागते.

जाण्यापूर्वी कंपनीला ईमेल करावा आणि उत्तर लेखी मागावे. खर्चाची किंवा वेळेची मर्यादा आपल्या नावावर नोंदवता येते का, स्वतःला प्रवेशबंदी करून घेण्याची सोय आहे का, ती किती मुदतीची असते, आणि खेळाडूला उधार चिप्स (पैशांऐवजी खेळात लावायच्या चकत्या) दिल्या जातात का, एवढे विचारले तरी पुरे. दूरध्वनीवरच्या गोड आश्वासनावर विसंबू नये. उधारीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खिशातले संपल्यावर माणूस उठू शकतो, पण उधारी मिळू लागली की तो घरच्या दागिन्यांपर्यंत पोहोचतो. ब्रिटनमध्ये तर १४ एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यासच मनाई आहे. आपण निदान कार्डे घरी ठेवावीत, आणि एटीएम व यूपीआयची रोजची मर्यादा निघण्याच्या आदल्या दिवशीच बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करून घ्यावी.

खेळाचे गणितही आधी पाहून ठेवावे. रूलेटमध्ये फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या आकड्याच्या खणात थांबेल यावर पैसे लावतात. चाकावर एकच शून्य असेल तर ३७ खण असतात, परंतु एका आकड्यावर लागलेल्या पैशाला ३५ पटच मिळतात. त्यामुळे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कंपनीकडे राहतात. शून्य आणि दुहेरी शून्य असे दोन्ही असतील तर खण ३८ होतात आणि हाच आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. एखाद्याने ५०० रुपये ६० वेळा लावले, तर त्याने एकूण ३०,००० रुपये लावले असे होते. त्यावरचा सरासरी तोटा पहिल्या चाकावर सुमारे ८१० रुपये, तर दुसऱ्यावर सुमारे १,५८० रुपये येतो. एखाद्या रात्री कोणी जिंकतोही, पण जितके अधिक वेळ बसावे तितका हिशेब या सरासरीकडे सरकतो, आणि आधीच्या दहा फेऱ्यांत काय आले याचा अकराव्या फेरीशी काहीही संबंध नसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणून खिडकीवर पैसे देण्यापूर्वी १०,००० रुपयांना नेमक्या किती रुपयांच्या चिप्स हातात येणार, हे विचारून घ्यावे.

आता मुख्य उपाय, म्हणजे स्वतःहून मागितलेली प्रवेशबंदी. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा जाणे, घरी रक्कम लपवणे, जुगारासाठी कर्ज काढणे यांपैकी काही घडू लागले असेल, तर मर्यादा ठरवण्याचा टप्पा मागे पडला असे समजून थेट हा अर्ज करावा. गोव्यातील कॅसिनोत २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नसल्यामुळे दारावर ओळखपत्र पाहिले जाते. कंपनीची खरोखर इच्छा असेल तर बंदी घातलेल्या माणसालाही तिथेच थांबवता येते. अर्जाचा मजकूर असा ठेवावा :

“मी, (पूर्ण नाव), राहणार (गाव, तालुका), स्वतःच्या इच्छेने विनंती करतो की, आजच्या तारखेपासून एक वर्ष मला आपल्या कोणत्याही कॅसिनोत प्रवेश देऊ नये, चिप्स विकू नयेत, उधार देऊ नये, माझे सभासद कार्ड बंद करावे आणि माझ्या फोनवर किंवा ईमेलवर कोणतीही जाहिरात पाठवू नये. या मुदतीत मी स्वतः ही विनंती मागे घेण्यास आलो, तरी ती मान्य करू नये.”

शेवटचे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. मोहाच्या क्षणी तेच उपयोगी पडते. सोबत छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत जोडावी, अर्ज समक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारखेनिशी पोच घ्यावी, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. ज्या ज्या कंपनीच्या कॅसिनोत जाणे होते, तिथे तिथे स्वतंत्र अर्ज द्यावा, कारण एका कंपनीकडची बंदी दुसरीला आपोआप लागू होईल असे धरून चालता येत नाही.

घरच्यांच्या हातात काय आहे? सिंगापूरमध्ये कुटुंबातील व्यक्तीला नॅशनल कौन्सिल ऑन प्रॉब्लेम गॅम्बलिंगकडे अर्ज करून आपल्या माणसाला तेथील कॅसिनोंपासून दूर ठेवण्याचा आदेश मागता येतो. तशी सोय आपल्याकडेही असावी असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत वहिनींनी किंवा आईने रागाच्या भरात नव्हे, तर शांतपणे बसून वरील अर्ज त्या व्यक्तीकडूनच भरून घ्यावा, आणि तिचे कर्ज परस्पर फेडण्याची घाई करू नये. आधी देणी कोणाकोणाची आहेत त्याची पूर्ण यादी मागावी.

मोबाइलवरच्या ‘ऑनलाइन कॅसिनो’बाबत थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. अशा अ‍ॅपवर जबाबदार खेळाचे पान असले तरी त्याला काही किंमत नाही. तिथे अर्ज करण्यासाठीसुद्धा आपले ओळखपत्र देऊ नये.

जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हणून नोंदवलेला विकार आहे, त्यामुळे उपचार घेण्यात कमीपणा मानू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालय किंवा रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. उपचार चालू असताना प्रवेशबंदीची मुदत संपण्याची तारीख घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये नोंदवून ठेवावी, आणि तिच्या महिनाभर आधीच नव्या मुदतीचा अर्ज कंपनीकडे पोहोचता करावा.