तोंडातला फोड पंधरा दिवसांत गेला नाही तर काय करायचं, सोलापुरात कुठं जायचं आणि कुठले कागद न्यायचे

आमच्या आत्याला सगळ्यात आधी शेंगाचटणी झोंबायला लागली. जन्मभर चटणी-भाकरीवर वाढलेली बाई, विडी घरकुलात राहणारी, दिवसभर विड्या वळणारी, सकाळ-संध्याकाळ मिश्री आणि मधूनमधून सुपारी, आणि एक दिवस म्हणते तिखट नको गं, तोंडात आग होतीय. आम्हाला वाटलं पित्त असंल. मेडिकलमधनं जेल आणलं, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या. मग कडक भाकरी आमटीत भिजवून खायला लागली, मग घास मोठा घेता येईना. तोवर डाव्या गालात आत एक पांढरा चट्टा आणि त्याच्या कडेला फोड झालेला, आणि जिथं दाखवलं तिथं एकदा दाढ घासून दिली आणि तीनदा अँटिबायोटिक दिलं, तुकडा काढून तपासायचं नावच नाही. यात तीन महिने गेले. ते तीन महिने मला अजून सलतात, म्हणून जे जे कळत गेलं ते सगळं इथं लिहितोय, कुणाचे तरी तीन महिने वाचू देत.

पहिलं, घरी बघायचं कसं. दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभं राहा आणि मोबाईलचा टॉर्च लावा, कवळी असली तर काढून ठेवा. दोन्ही गाल आतून, ओठ आतून, हिरड्या, टाळू, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आणि जीभ वर उचलून खालची जागा, एवढं सगळं बघायचं. जिभेची कड आणि जिभेखालचा भाग कुणी बघत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा चट्टा, कडा टणक लागणारा फोड, काही न होता हलायला लागलेला दात, यातलं काही दिसलं की लक्ष द्यायचं. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. आणि दुखत नाही म्हणून सोडू नका, सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. मग स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही गेली तर ठीक, दोनच जात असतील तर तोंड आवळत चाललंय. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं असं होतं, आतली कातडी कडक होत जाते आणि त्याची पहिली खूण म्हणजे तिखट झोंबणं. म्हणजे आत्याची शेंगाचटणी खरं तर आम्हाला सांगत होती, आम्हालाच कळलं नाही.

मानेवर पण हात फिरवा, जबड्याखाली, कानाखाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी. गाठ लागली तर पाण्याचा घोट घेऊन बघा, घोटाबरोबर वर-खाली हलली तर थायरॉईडची असू शकते.

आता नियम एकच आणि तो पाठच करा. ज्या दिवशी पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करा. पंधरा दिवसांनी फोड, चट्टा, गाठ तिथंच असेल तर दवाखाना. आवाज बसलाय आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, गिळताना अडकतंय, कान दुखतो पण कानात काहीच सापडत नाही, हेसुद्धा त्यातच धरा. साधा गरम चहानं किंवा दात लागून झालेला फोड दहा-बारा दिवसांत भरतो, नाही भरला तर तो साधा नाही असंच समजून चला.

काही गोष्टींना मात्र पंधरा दिवस काय पंधरा मिनिटं पण थांबायचं नाही. खालची दाढ दुखत होती आणि आता हनुवटीखाली दोन्हीकडनं सूज आलीय, जीभ वर ढकलल्यासारखी झालीय, लाळ गिळता येत नाही, ताप आहे, आवाज घोगरा झालाय, तर तो दाढेचा पू गळ्यात उतरलेला असतो आणि त्यानं श्वासनलिका बंद पडू शकते. १०८ ला फोन करा आणि थेट सिव्हिलचा अपघात विभाग गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. पेशंटला आडवं झोपवू नका, बसवूनच न्या. आणि दाढेच्या सुजेवर बाहेरनं गरम शेक देऊ नका, आपल्याकडं सर्रास देतात.

दुसरं गाडीवरून पडणं. आपल्याकडं हेल्मेट हँडलला लटकतं आणि जबडा रस्त्यावर आपटतो. तोंडातनं रक्त येत असेल तर उताणं झोपवू नका, शुद्धीत असेल तर पुढं वाकवून बसवा आणि बेशुद्ध असेल तर मान सांभाळून कुशीवर करा, रक्त घशात जाता कामा नये. दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, खालचा ओठ बधिर झालाय, एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्यात, तर हाड मोडलंय असं धरून चाला. पक्का दात मुळासकट पडला असेल तर तो शोधा, पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती असली तर दुधानं नुसता धुवा आणि कपभर थंड दुधात टाकून घेऊन पळा. अर्ध्या-एका तासात बसवला तर बऱ्याचदा वाचतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. आणि तोंड अचानक वाकडं झालं तर हात उचलता येतोय का, बोलणं नीट आहे का बघा, नसेल तर तो लकवा, म्हणजे मेंदूचा झटका आहे, तिथं मिनिटं मोजायची असतात. नुसता चेहराच वाकडा आणि डोळा मिटत नसेल तरी तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडं पोचा, कारण त्याच्या गोळ्या तेवढ्यातच सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो.

आता कुठं जायचं. सोलापुरात सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजचं, कॉलेज १९६३ पासूनचं. तिथं केसपेपर काढताना खिडकीवर तक्रार नीट सांगा, कारण तुमच्या शब्दावरच विभाग ठरतो. दात, हिरडी, गाल, जबडा असेल तर दंत विभाग. आवाज, गिळणं, मानेची गाठ, थायरॉईड, कानाखालची सूज असेल तर कान-नाक-घसा. नुसतं तोंड दुखतंय म्हणालात तर गोळ्या मिळतील, तेवढंच. म्हणा, गालात आतून फोड आहे, अमुक तारखेपासून आहे, तंबाखू एवढी वर्षं आहे. तंबाखू लपवू नका, डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. केगावला पुणे रोडवर पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे, तिथंही दाखवता येतं. जबडा-चेहऱ्याचं ऑपरेशन करणारे मॅक्सिलोफेशियल सर्जन म्हणजे दातांचे डॉक्टर होऊन वर आणखी तीन वर्षं हेच शिकलेले लोक असतात. जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ, हाडात अडकलेली अक्कलदाढ, तोंड न उघडणं, जांभई देताना निखळलेला जबडा, ही सगळी त्यांची कामं, आणि हे आपल्याकडं फार लोकांना माहीतच नसतं.

डॉक्टरसमोर बसलात की एकच प्रश्न विचारा, डॉक्टर, याची बायॉप्सी करायला लागेल का? नको म्हणाले तर का नको आणि परत कधी दाखवू ते विचारा आणि ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या.

बायॉप्सीला लोक लई घाबरतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो असं आमच्या गल्लीत पण चार जणांनी आत्याला सांगितलं. तसं होत नाही. पसरतो तो उशीर केल्यानं. बधिर करायचं इंजेक्शन देतात, फोडाच्या कडेचा छोटा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, संध्याकाळी पेशंट घरी. मानेच्या गाठीला आधी नुसती बारीक सुई घालून तपासायला थोड्या पेशी काढतात. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. तुकड्याची बाटली कधीकधी नातेवाईकाच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात, तेव्हा बाटलीवर नाव, वय आणि कुठल्या बाजूचा तुकडा हे लिहिलंय का बघा, आतलं औषधी पाणी ओतून टाकू नका, साधं पाणी भरू नका.

मानेची प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर असं पण नाही, आपल्याकडं टीबीच्या गाठी पुष्कळ असतात, त्यांचा सरकारी उपचार फुकट आहे आणि साधारण सहा महिन्यांत बऱ्या होतात. पण ते तपासणीनं ठरतं, बोटांनी चाचपून नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला की पुढं रेफर करतात आणि इथंच माणसं सगळ्यात जास्त भटकतात. आमचं काय झालं सांगतो. आम्ही रिपोर्टचा कागद आणि सीटीच्या फिल्म घेऊन मुंबईला गेलो, तिथं पहिल्याच खिडकीवर विचारलं, ब्लॉक आणि स्लाईड कुठाय? ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा मेणात बसवून ठेवलेली छोटी वडी, आणि स्लाईड म्हणजे त्याचे काचेवरचे पातळ काप. मोठी हॉस्पिटलं नुसत्या कागदावर जात नाहीत, स्वतः परत बघतात, आणि ते बरोबरच आहे. पण इथल्या लॅबनं ते आम्हाला दिलंच नव्हतं आणि आम्ही मागितलं नव्हतं, त्यामुळं आत्याला तिथंच ठेवून मी परत सोलापूरला आलो, लॅबमध्ये अर्ज दिला, एका पांढऱ्या डबीत ती वडी मिळाली, बोटाच्या पेराएवढी, आणि मी ती शर्टाच्या खिशात घालून रात्रभर छातीवर हात ठेवून गाडीत बसून होतो. म्हणून सांगतो, गाव सोडायच्या आधी ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या.

बाकी फाईलमध्ये हे असू द्या: रेफर चिठ्ठी, तिच्यावर कुठं, किती दिवसांपासून, काय तपासलं, काय निघालं आणि कशासाठी पाठवलं एवढं लिहिलेलं आणि सही-शिक्का पायजे. बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्मसोबत त्याची सीडी, रक्ताचे रिपोर्ट, शुगर-बीपीच्या चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशनकार्ड. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि सगळ्याचा मोबाईलमध्ये फोटो. मूळ कागद कुणी ठेवून घेतला तर त्याची पोच घ्या.

पैशाचं बघू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार आहे, कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं त्यात येतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधी त्याच्याकडं जा, नंतर नाही. हॉस्पिटल योजनेत आहे एवढंच विचारू नका, हे ऑपरेशन इथं योजनेत होतं का असं विचारा, कारण हॉस्पिटल असतं आणि नेमका तो विभाग नसतो असं होतं. मंजुरीला बायॉप्सीचा रिपोर्ट लागतोच. रेशनकार्डावर नाव नसेल किंवा आधारवरचं नाव वेगळं असेल तर ते पहिल्या दिवशीच दुरुस्तीला टाका, आत्याचं माहेरचं नाव आधारवर राहिलं होतं, त्यात चार दिवस गेले. कुणी योजनेतल्या उपचाराला वर पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

मुंबईच पायजे असं नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलशी जुना संबंध असलेलं, खेड्यातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. शेक द्यायचा तर सहा-सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस जावं लागतं, आणि त्याला घराजवळचं ठिकाण बरं पडतं हे माझं स्पष्ट मत आहे. ऑपरेशन कुठं आणि शेक कुठं हे वेगवेगळं पण ठरवता येतं, डॉक्टरला विचारा. परळला टाटाला जायचंच असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरलं की जवळ आहे, राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे पण जागेसाठी हॉस्पिटलचे कागद लागतात. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ आहे आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातनं सही करून घ्यायचा.

शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखवायचे, हे कुणी सांगो न सांगो. किडलेले, हलणारे दात आधीच काढून जखम भरू द्यायची, कारण शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग दात काढला तर हाड सडू शकतं. पुढं कधीही, दहा वर्षांनी पण, दाताच्या डॉक्टरला शेक झालाय हे आधी सांगायचं.

बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असेल तर घाबरू नका आणि ग्रहणाचा दोष आईवर टाकू नका. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांचं झाल्यावर आणि टाळूचं वर्षभराच्या आसपास करतात, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची टीम येते तिच्याकडं नाव द्या, फुकट होतं. तोवर बाळाला सरळ धरून वाटी-चमच्यानं आईचंच दूध पाजा.

तंबाखू सोडायला १८००११२३५६ हा फुकट नंबर आहे. आपल्या राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे तरी पुड्या कुठं मिळतात हे आपल्या पोरांना माहीत असतं, तेव्हा घरातल्या पोराची तीन बोटं आजच मोजून बघा.

ऑपरेशन झाल्यावर तोंड उघडायचा व्यायाम सांगतात, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. दुखतं म्हणून लोक सोडून देतात आणि मग तोंड कायमचं आवळतं. दिवसातनं चार-पाच वेळा, महिनोन्‌महिने करायचा, आणि पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, बरं वाटतंय म्हणून चुकवायची नाही. आत्याचं नऊ काड्यांपासून सुरू झालं होतं. काल संध्याकाळी तिनं दारात बसून चौदावी घातली, मग भाकरी दुधात कुस्करली आणि चमचा न घेता हातानं खाल्ली.