व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आधारगट कसा उभा करावा

दारू किंवा अमली पदार्थ सोडवण्याचा उपचार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो. पण उपचारानंतर माणूस ज्या घरी परततो ते घर, ते मित्र, तो रस्ता आणि संध्याकाळची ती नेमकी वेळ जिथल्या तिथेच असते. व्यसनमुक्ती केंद्रात असताना न पिणे त्या मानाने सोपे जाते, कारण तिथे पिण्याची सोयच नसते. खरा कस लागतो तो घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. त्या काळात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच वाटेने गेलेल्या माणसांबरोबर बसायला जागा असेल तर सोडलेले व्यसन सुटलेले राहण्याची शक्यता वाढते. दारूच्या बाबतीत याला चांगला आधारही आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आणि त्यांतील १०,५६५ व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या गटांशी माणसाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रचलित मानसोपचारांच्या बरोबरीचे, किंबहुना सरस ठरतात, असे त्यात आढळले. असा गट दोन माणसांनाही सुरू करता येतो.

मात्र गट सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घ्यायला लावणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हातांची थरथर, घाम आणि बेचैनी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता असलेली गंभीर अवस्था उद्भवू शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांची दीर्घकाळ सवय असेल, तर त्या एकाएकी थांबवण्यातही असाच धोका असतो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची, दुसरी गटाची. गटातील कोणीही, त्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी, औषध सुरू करण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला देऊ नये. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या व्यक्तीला काही गटांमध्ये ‘तू अजून नशेतच आहेस’ असे सुनावले जाते. हे चूक आहे आणि घातकही आहे, कारण ही औषधे मृत्यूचा धोका कमी करतात, तर ती मध्येच सोडणाऱ्याचा धोका वाढतो.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली हे ठाऊक असले की गटाचे मर्म लवकर कळते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा शेअर बाजारात काम करणारा माणूस अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. त्याचा सौदा फिसकटला होता, खिशात फारसे पैसे नव्हते आणि एका बाजूने बारमधील गलबला ऐकू येत होता. त्याला पिणे सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. तो बारमध्ये न जाता टेलिफोनकडे गेला आणि आपल्यासारख्याच दारूत बुडालेल्या कोणाशी तरी बोलता यावे म्हणून एकामागून एक फोन करत राहिला. त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. बिल दुसऱ्याला उपदेश करायला गेला नव्हता, स्वतःला वाचवण्यासाठी गेला होता, हे गट चालवणाऱ्याने कधीही विसरू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. व्यसन सोडून काही काळ स्थिर राहिलेल्या किमान दोन व्यक्ती असाव्यात. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नये; पाऊस असो, सण असो, दोघेच जण येवोत, बैठक झालीच पाहिजे, कारण हेलकावे खाणाऱ्या माणसाला एक तरी गोष्ट न हलणारी हवी असते. संध्याकाळची वेळ उत्तम, कारण तीच पिण्याची वेळ असते. जागा साधी, सहज पोहोचता येण्यासारखी आणि बाहेरून आत कोण बसले आहे हे न दिसणारी असावी. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. एकाने समोर उभे राहून बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे अशी मांडणी झाली की त्याचे भाषण होते.

बैठक एक ते दीड तासाची पुरते. सुरुवातीला गोपनीयतेचा नियम मोठ्याने वाचावा: इथे कोण आले आणि कोण काय बोलले, ते इथेच राहील. मग प्रत्येकाने फक्त स्वतःविषयी बोलावे. एकाचे बोलणे चालू असताना मध्येच सल्ला देणे, उलटतपासणी करणे किंवा ‘तू असे करायला हवे होतेस’ म्हणणे टाळावे. हा नियम पाळणे नव्या गटाला सर्वांत अवघड जाते, कारण मदत करण्याची घाई प्रत्येकाला असते. ज्याला बोलायचे नसेल त्याने नुसते नाव सांगून पुढच्याकडे वळावे, आणि तेही सांगायचे नसेल तर गप्प बसावे. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागवावा. बाहेरच्या देणगीवर गट उभा राहिला की देणगीदाराचे मत गटात शिरते, म्हणूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस बाहेरचे पैसे स्वीकारत नाही.

कोणत्या पद्धतीचा गट चालवावा, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या १२ पायऱ्या, म्हणजे व्यसनातून बाहेर पडण्याचे टप्पे, दारूसाठी आहेत. त्यांच्याच धर्तीवर १९५३ मध्ये नार्कोटिक्स अनॉनिमस अमली पदार्थांसाठी सुरू झाले. या पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ‘ज्याला जसा उमजेल तसा’ घ्यावा अशी मुभाही आहे. तरीही ज्यांना तो भाग पटत नाही त्यांच्यासाठी १९९४ पासून काम करणारी स्मार्ट रिकव्हरी ही पद्धत आहे, जी विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर भर देते. माझे मत असे आहे की पद्धतीवर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत. जवळ जो गट आहे तिथे सहा-सात वेळा जाऊन पाहावे आणि मग ठरवावे.

सर्वांत जपण्याचा क्षण म्हणजे नवा माणूस दारात येतो तो. तो बहुधा वेळेआधी येऊन बाहेर घुटमळतो, नाहीतर उशिरा येऊन दाराजवळची खुर्ची धरतो. पाण्याचा पेला दिला तर तो दोन्ही हातांनी धरतो, कारण एका हातात तो हिंदकळेल हे त्याला माहीत असते. अशा वेळी त्याच्या हातांकडे पाहू नये, किती पितोस असे विचारू नये, आणि सोबत कोणी घरचे आले असेल तर त्याच्या देखत त्यांच्याशी त्याच्याविषयी बोलू नये. शेजारी बसलेल्याने आपले नाव सांगावे आणि आपला स्वतःचा पहिला दिवस कसा होता ते दोन वाक्यांत सांगावे. एवढे पुरते. बैठक संपल्यावर मात्र त्याला एकटे जाऊ देऊ नये. निदान कोपऱ्यापर्यंत सोबत चालावे, आपला फोन नंबर कागदावर लिहून द्यावा आणि त्याचा नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपणच फोन करावा. नंबर दिला म्हणून नवा माणूस फोन करेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते.

दोन बैठकींच्या मधले सहा दिवस हाच खरा आधाराचा काळ. जुन्या सभासदांपैकी एकाने नव्याची जबाबदारी घ्यावी. अनॉनिमस गटांत त्याला स्पॉन्सर म्हणतात. तो गुरू नसतो, फोन उचलणारा माणूस असतो. तलफ आली की ती कायमची राहील असे वाटते, पण ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ बोलण्यात, चालण्यात किंवा जागा बदलण्यात काढता आला की ती वेळ निभावते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत माणूस लवकर घसरतो. म्हणून स्पॉन्सरने ‘प्यायलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलास का, झोपलास का, आज कोणाशी बोललास?’ असे विचारावे.

घरच्यांचीही स्वतंत्र बैठक असावी. अल-अनॉन हे कुटुंबीयांचे गट १९५१ पासून अस्तित्वात आहेत, आणि त्यांतून घरच्यांना उमगते ते असे: हे व्यसन आपण लावलेले नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते आपण बरे करू शकत नाही. आयुष्यभर अपराधीपणाने वावरणाऱ्या पत्नीला किंवा आईला हे ऐकून किती हलके वाटते, ते समोर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना आणखी तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. माणूस शुद्धीत असेल तेव्हा त्याला वेळ द्यावा, प्यायलेला असेल तेव्हा शांतपणे दूर व्हावे. कर्ज फेडणे, कामाच्या ठिकाणी खोटे निरोप देणे यांसारखी त्याची निस्तरणी करू नये. आणि दारू सोडवण्याच्या गोळ्या त्याच्या नकळत अन्नात मिसळू नयेत. अशा गोळ्यांपैकी डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. हे औषध त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

घसरण होईल, हे गटाने गृहीत धरावे. पुन्हा प्यायलेला माणूस परत आला की त्याला जुनीच खुर्ची द्यावी, दिवसांची मोजणी नव्याने सुरू करावी आणि चौकशी समिती बसवू नये. हेरॉइनसारख्या पदार्थांच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहावे लागते. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि तोच माणूस पूर्वीची मात्रा घेतो तेव्हा श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. हे त्याला आणि घरच्यांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगावे. माणूस हाका मारूनही उठत नसेल, श्वास मंद असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्यावा, आणि अफूजन्य पदार्थांचा अंमल उतरवणारे नॅलोक्सोन हे औषध उपलब्ध असेल तर ते द्यावे. नॅलोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला एकटे सोडू नये.

आणि बैठकीला नेहमी येणारा एखादा जण एक दिवस आला नाही, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये. बैठक संपताच, दार बंद करण्यापूर्वी, त्याला कोण फोन करणार आणि उत्तर आले नाही तर त्याच्या घरी कोण जाणार, ही दोन नावे ठरवूनच सर्वांनी उठावे.